पडद्यामागची जागा

आगर गावच्या बकुळाला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा आवळून यायचा. शब्द दातांपर्यंत येऊन अडकायचा, मानेला झटका बसायचा आणि समोरचा माणूस घाईघाईने तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. लहानपणापासून हे असंच चाललेलं. घरच्या चिकूच्या वाडीत कामाला येणाऱ्या बायांशी ती मोकळी बोले, पण बँकेत किंवा तहसीलात तिच्या वतीने भाऊ बोलायचा. म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी ती काशीनाथकाकांच्या नाटकाच्या टीममध्ये गेली तेव्हा घरच्यांना नवल वाटलं.

काका निवृत्त मास्तर. साप चावला तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठा, एवढंच सांगणारं अर्ध्या तासाचं नाटक घेऊन ते पाड्यापाड्यांतून फिरत. त्यांना पडद्यामागून वाक्यं पुरवणारं माणूस हवं होतं. कुजबुजत बोलताना बकुळा अडखळत नसे. असं का, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. आठ महिने ती पडद्यामागे स्टुलावर बसून सगळ्यांची वाक्यं हलक्या आवाजात सांगत होती आणि त्यात खूश होती.

भाद्रपदातल्या एका सकाळी टेम्पो तलासरी सोडून गुजरातच्या हद्दीजवळच्या करंजपाड्याला निघाला. पुढे गाडी चालवणारा सुनिल आणि काका. मागे ढोल सांभाळत बसलेला गंजाडचा लाहू, बकुळा आणि नाटकात आईचं काम करणारी जिवली. जिवली अर्ध्या वाटेतच तापाने फणफणली. पोचेपर्यंत तिच्या तोंडून आवाज फुटेना.

पाड्यावर पत्र्याचं समाजमंदिर होतं. साठ-सत्तर माणसं पावसातून, शेतातली कामं टाकून आली होती. बायांच्या कडेवर पोरं, ओल्या घोंगड्यांचा वास. सकाळचे दहा वाजले होते, पण ढगांनी असं अंधारून आलं होतं की दिवेलागणीची वेळ वाटावी. वीज गेलेली. कुणीतरी दोन कंदील आणून ठेवले.

"बकुळा, आईचं काम तू कर," काका म्हणाले.

"न... नाही काका. माझं त... तोंड..."

"अख्खं नाटक तुला पाठ आहे. अडखळलीस तर अडखळ. लोक थांबतील. ते एवढ्या लांबून चालत आलेत, त्यांना काय सांगू?"

पळून टेम्पोत जाऊन बसावं असं तिला वाटलं. पाय तसे वळलेही. मग तिला दिसलं, जिवली कण्हत कण्हत आपल्या अंगावरचं नाटकातलं लुगडं सोडत होती, बकुळासाठी. बकुळाने ते घेतलं. जिवलीला टेम्पोत निजवलं. पडद्यामागचं स्टूल रिकामं राहिलं, कारण काका आणि सुनिल नाटकात होते, लाहू ढोलावर, आणि तिथे बसवायला माणूसच उरलं नव्हतं. पडदा म्हणजे दोरीवर टाकलेल्या दोन काळ्या चादरी. त्यामागे हातभर जागा आणि मग सलग भिंत. तिकडे ना दार, ना खिडकी.

लाहूने ढोल वाजवला. बकुळा पुढे आली. सत्तर जोडी डोळे तिच्यावर खिळले, आणि पहिलाच शब्द घशात रुतला. एक क्षण गेला. दुसरा गेला. पत्र्यावर पाऊस तडतडत होता. मागे कुणीतरी खाकरलं. घामाने लुगडं पाठीला चिकटलं.

तेव्हा मागून, पडद्याला अगदी लागून, कुजबूज आली.

"माझा लेक रात्री चटईवर निजला होता..."

वाक्य बरोबर होतं. जिवली उठून आली असणार, असं बकुळाला वाटलं. तिने ते वाक्य उचललं. "म... माझा लेक रात्री च... चटईवर..." कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली म्हातारी तर जास्तच कान देऊन ऐकू लागली. दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. बकुळा अडखळत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती, आणि दर खेपेला छातीवरचं ओझं थोडं हलकं होत होतं. मुलाचा घसा कोरडा पडतो, पोट दुखतं, बाप म्हणतो सकाळी बघू. लोक तल्लीन झाले होते.

एक गोष्ट मात्र तिला खटकली. पाठीमागून शिजत्या खिचडीचा वास येत होता, आणि तिथे चूल नव्हती.

मग असं वाक्य आलं, जे नाटकात नव्हतंच.

"ती झोपली नाही..."

बकुळा थबकली. नाटकात मुलगा होता. बापाचं काम करणारा सुनिल तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"खांबापाशी... ती झोपली नाही. पापण्या बघ तिच्या..."

आवाज आता पडद्यामागे नव्हता. मानेजवळ होता. कानाच्या पाळीला गारवा लागला. बकुळाच्या अंगावर सरसरून काटा आला. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही. समोर डाव्या हाताच्या खांबाला टेकून एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी निजलेली.

नाटक मोडायचं? कशाच्या भरवशावर? चुकीचं निघालं तर काय तोंड दाखवायचं? आठ महिन्यांत तिने एका शब्दाचाही फेरफार केला नव्हता.

"बघ गं बाय... वेळ जातोय..."

बकुळा लोकांमधून वाट काढत खांबापाशी गेली. सगळ्यांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

"ह... हिला उठवा," ती म्हणाली.

त्या बाईचं नाव पुष्पा. ती ओशाळून म्हणाली, "निजू दे तिला. पहाटेपासून पोटात दुखत होतं चिमीच्या. आता कुठं डोळा लागलाय."

"उ... उठवा तिला!"

पुष्पाने लेकीला हलवलं. चिमीची मान भलतीकडे कलंडली. ती जागी होती. ओठ हलत होते, पण पापण्या उघडत नव्हत्या. बकुळाने बोटाने पापणी वर केली तर आत बुबुळ तिच्याकडेच बघत होतं. बोट काढताच पापणी पुन्हा खाली आली.

लाहू ढोल टाकून धावत आला. "कुठं निजली होती रात्री?"

"खाली... चटईवर..."

"मण्यार चावलीय," तो म्हणाला. "दात लागलेलाही कळत नाही त्या सापाचा, आणि पापण्या अशाच मिटतात. सुनिल, गाडी काढ."

टेम्पोत जिवली अंग चोरून बसली. बकुळाने चिमीला कुशीवर घेऊन मांडीवर धरलं. पाऊण तासाच्या वाटेवर पोरीचा श्वास उथळ होत गेला, पण थांबला नाही. दवाखान्याच्या दारात पुष्पाच्या तोंडून शब्द निघेना आणि सुनिल गाडी लावत होता. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काय झालं, कधीपासून? आपलं वाक्य दुसरं कुणी पुरं करील म्हणून बकुळा थांबली नाही. म वर अडकली, प वर अडकली, पण मण्यार, पहाट, पोटदुखी, पापण्या, सगळं तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते मध्ये न तोडता ऐकलं आणि लगेच इंजेक्शनं मागवली.

दोन दिवस चिमीला नळीने श्वास दिला. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पेज मागितली. ती बातमी फोनवर आली तेव्हा बकुळा वाडीत होती. चिकूच्या झाडाला टेकून ती मनसोक्त रडली. इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

राहिलेलं सामान आणायला टीम करंजपाड्याला परत गेली. काळ्या चादरी तशाच टांगलेल्या होत्या. पडद्यामागून तू बोललीस का, असं बकुळाने दवाखान्याच्या वाटेवरच जिवलीला विचारलं होतं. जिवली त्या दिवशी गाडीतून उतरलीच नव्हती.

पुढच्या रांगेत बसलेली ती म्हातारी तिथेच ओट्यावर बसली होती. तिचं नाव गंगी. बकुळाने तिला कुजबुजीबद्दल सांगितलं.

"भिकी असंल," गंगी म्हणाली. "इथं अंगणवाडी भरायची, तवा खिचडी शिजवायची. तिचा पोरगा असाच गेला. ती ओरडून ओरडून सांगत होती, हा झोपला नाही म्हणून. आम्ही म्हटलं, निजू दे त्याला. त्या दिवसानंतर तिचा आवाज बसला तो बसलाच. कुजबुजायची नुसती. कुणाचं पोर डुलक्या घ्यायला लागलं की जाऊन उठवायची."

"आ... आता कुठे असतात?"

"मरून बारा वर्षं झाली."

बकुळाने चादरींची घडी घातली. जाण्याआधी ती रिकाम्या भिंतीकडे वळली आणि मोठ्याने, अडखळत म्हणाली, "प... पोरगी वाचली, बाई."

त्यानंतर आईचं काम बकुळाकडेच राहिलं. ती अजूनही अडखळते, आणि काका म्हणतात, घाबरलेली आई अशीच बोलते. बँकेतही ती आता स्वतः जाते. रांगेतले लोक चुळबुळतात, पण ती आपलं वाक्य पुरं करते.

पडद्यामागे बसायला दिशा नावाची कॉलेजातली मुलगी आली. तिचा पहिला प्रयोग कैनाडला होता, भर दुपारी, शाळेच्या पटांगणात. प्रयोग छान झाला. एका जागी बकुळा विसरली तेव्हा वाक्य नेमकं वेळेवर आलं. संपल्यावर तिने दिशाला शोधलं, तर ती लोकांमध्ये पुढे बसून टाळ्या वाजवत होती.

"तू इ... इथे कशी?"

"सॉरी ताई, मी गेले होते ना आत," दिशा म्हणाली. "पण स्टुलावर आधीच एक बाई बसल्या होत्या. मला म्हणाल्या, तू जा पुढे, पोरांवर लक्ष ठेव. एकालाही झोपू देऊ नको..."