त्रागापट्टी

व्हिडिओ गेम खेळताना आताशा कुणी ओरडत नसे. वृषालीच्या सोसायटीत पूर्वी संध्याकाळ झाली की चारी बाजूंनी आरडाओरडा ऐकू यायचा. कुणी बर्फावरून घसरून दरीत पडायचं, कुणी अंधाऱ्या भुलभुलैयात पुन्हा त्याच भिंतीवर आपटायचं. आणि ज्याला रमतगमत चालणाऱ्या म्हाताऱ्या राजाला सांभाळत किल्ल्यापर्यंत न्यायचं असे, तो तर राजालाच शिव्या घालायचा. आता सगळं कसं चिडीचूप. हे पुण्यकर्म वृषालीचं.

तिनं बनवलेली त्रागापट्टी कपाळाला बांधायची. खेळाडूचं डोकं तापू लागलं की मेंदूतल्या लहरींवरून पट्टीला ते कळायचं आणि खेळ गुपचूप बदलायचा. बर्फ खरखरीत व्हायचा, राजा भराभर पाय उचलायचा. ज्या गोष्टीनं त्रागा वाढेल ती बदलायची, एवढा एकच नियम तिनं यंत्राला शिकवला होता. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

पहिल्या पट्ट्यांपैकी एक तिनं बार्शीला बाबांना पाठवली होती. प्रभाकर सुरवसे, निवृत्त चित्रकला शिक्षक. आई गेल्यापासून घरात एकटेच. 'बुडालेली विहीर' या पाण्याखालच्या लेव्हलमध्ये ते कितीतरी महिने अडकले होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"अगं, दम संपतोय, दार काय घावंना! कुणी केलीया ही मेली विहीर?"

"मीच केलीये, बाबा. डावीकडं वळा."

मग तासभर भलत्याच गप्पा व्हायच्या. शेजारच्यांचं भांडण, आईची आमटी, काहीही.

पण पट्ट्यांनी सांगितलं की लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते त्या विहिरीत. वृषाली जिथं हे खेळ बनवायची त्या कंपनीनं विहीरच बुजवली आणि बाबांचा फोन यायचा बंद झाला. वृषालीनं आपणहून फोन केला की ते विचारत, "काय काम काढलंस?" ती म्हणे, "काही नाही, सहज." "बरं मग, ठेवतो." लेकीला उगाच फोन करून तिचा वेळ खाऊ नये, अशा वळणाचा माणूस. सहा माणसांच्या ऑफिसात आणि दोन खोल्यांच्या घरात वृषालीला आता फार एकटं वाटायचं. त्या तासाभराची गरज बाबांपेक्षा आपल्यालाच जास्त होती, हे तिला उशिरा कळलं.

शेवटी तिनं कुणालाही न विचारता फक्त बाबांच्या खेळात ती विहीर पुन्हा खोदली. पहिल्यापेक्षा खोल आणि अंधारी. अडकतील तेव्हा करतील फोन.

फोन आला नाही. आठवड्यानं दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं बाबांच्या खेळाची नोंद उघडली. रोज ते विहिरीत बुडत होते, आणि त्राग्याची रेघ मात्र कालपर्यंत अगदी सपाट होती.

"त्यांची पट्टी बिघडलीय," ती शेजारच्या टेबलावरच्या इम्तियाजला म्हणाली.

त्यानं जुन्या नोंदी काढल्या. बाबा फोनवर ओरडत होते त्या संध्याकाळच्या. तिथंही रेघ सपाट.

"पट्टी ठीक आहे. ते कधी चिडलेच नव्हते गं," तो म्हणाला. "दार त्यांना पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं, हे बघ."

वृषालीनं आजची नोंद लावली. विहिरीच्या तळाशी बाबांनी रोजच्यासारखं मदतीचं बटण दाबलं होतं. खेळातल्या नव्या मदतनिसाला आवाज तिचाच होता. कंपनीचे पैसे वाचावेत म्हणून तिनं तो दिला होता.

"जेवलीस का गं?" बाबांनी मदतनिसाला विचारलं होतं.

"हा प्रश्न खेळाशी संबंधित नाही."

तिथं रेघ पहिल्यांदाच उसळली होती, पार वरपर्यंत. आणि यंत्रानं नियम पाळला होता.

"जेवले बाबा," पुढच्या क्षणी तिचाच आवाज म्हणाला होता. "तुम्ही?"

वृषालीनं तिथंच नोंद थांबवली आणि घाईघाईनं फोन लावला. बाबांनी लगेच उचलला. त्यांचा आवाज इतका खुशीत तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

"अगं, आत्ताच तर बोललो की आपण, विहिरीत! मला वाटलं, कामाला लागली असशील."

तिचा डबा अजून तसाच समोर होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आणखी काय काय बोललो आपण?"