डिकीतली बॅटरी आणि टॉर्चवाला

"ही गाडी धावणार नाही."

माझ्या गाडीच्या डिकीत डोकं खुपसलेला माणूस हे बोलला आणि माझं टाळकंच सटकलं. चेहरा अजून दिसलाच नव्हता. नुसती पाठ, आणि हातातला टॉर्च.

"का नाही धावणार? आत्ता चालवतच आणलीय की!"

तो बाहेर आला. नाकावर ग्रीसचा ठिपका, आणि डोळे इतके शांत की भांडायची इच्छाच मरावी. मी मरू दिली नाही.

"शर्यतीत नाही धावणार," तो म्हणाला. "बॅटरी डिकीत का हलवलीत?"

"पुढे वजन जास्त व्हायचं, वळणावर गाडी वळेचना. आता बघा कशी वळते! सगळं मी स्वतः केलंय."

"स्वतः?" तो परत आत वाकला. मी दातांची डॉक्टर, दिवसभर लोकांच्या दाढांत डोकावते. पण इतक्या कुतूहलाने मीही कधी डोकावले नसेन. "डबा पक्का आवळलाय. बॅटरीच्या गॅसची नळी गाडीबाहेर काढलीय. छान... पण फ्यूज कुठाय?"

"पुढे, इंजिनापाशी."

"आणि बॅटरी मागे."

"हो, मग?"

"मग तुम्हीच सांगा," म्हणून तो हसला. गालाला खळी पडते मेल्याच्या!

सव्वादोन वाजले होते. तपासणी चारला बंद. दोन वर्षं सुट्टीचा एकेक दिवस घालवून मी ही जुनी गाडी उभी केली होती, उद्या माझी पहिलीवहिली शर्यत होती, आणि या टॉर्चवाल्या तपासनीसाच्या सहीशिवाय गाडी मैदानात जाणार नव्हती.

"तुम्हीच करून द्या ना," मी आवाजात साखर कालवली.

"स्पर्धकाच्या गाडीला आम्ही हात लावायचा नाही. साधा पानाही द्यायचा नाही. प्रश्न मात्र विचारू शकतो."

"प्रश्न विचारून गाडी दुरुस्त होते?"

"बघू या की." तो समोरच्या उपड्या खोक्यावर बसला. "समजा, सीटखाली वायर सोलली आणि पत्र्याला टेकली. पुढचा फ्यूज उडेल?"

मी डिकीपासून पुढपर्यंत बोटाने वायरचा रस्ता गिरवला. करंट मागून निघून मधेच पत्र्यात शिरणार. पुढच्या फ्यूजपर्यंत पोचणारच नाही!

"अगंबाई... आग लागेल."

"कुणाच्या सीटखाली?"

"माझ्या." माझा आवाज पार बारीक झाला. "फ्यूज बॅटरीलगतच हवा. वीतभर अंतरावर."

त्याने मान डोलावली. मी बाह्या सरसावल्या.

"आधी कुठली वायर काढणार?"

"निगेटिव्ह. एवढं कळतं मला!"

"मग माझ्याकडे बघत नका काढू."

"कोण बघतंय तुमच्याकडे?"

"तुम्ही. मी बघत होतो, म्हणून दिसलं."

पाना हातातून सटकला माझ्या. गाल तापले ते उन्हाने, असं मी स्वतःला बजावलं.

"वायर जाते त्या प्रत्येक भोकाला रबर आहे?" त्याने विचारलं. मी चाचपत गेले. दोन भोकांना होतं, तिसऱ्याला नव्हतं. वायर अजून शाबूत होती, पण पत्र्याची कड बोटाला सुरीसारखी लागली. किती वेळा बसले होते मी याच सीटवर, गाणी म्हणत!

फ्यूज बॅटरीलगत आला, तिसऱ्या भोकाला रबर बसलं, पावणेचारला सगळं झालं. "करा आता सही!"

त्याने कागद घेतला, पेन उघडलं... आणि बंद केलं.

"मला नाही करता येणार."

"काय?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता काय चुकलंय?"

"गाडीत काहीच नाही." तो वळला. "काका! ही गाडी तुम्ही बघता का?"

पांढऱ्या मिशांचे मुख्य तपासनीस चष्मा पुसत आले. "का रे? तुला काय झालं?"

"ओळखीतल्या माणसाची गाडी तपासायची नाही ना आपण."

"कधीची ओळख?"

"आजचीच. पण..." त्याचे कान लालबुंद झाले होते. "आता मला हिला नाही म्हणवणार नाही, काका. आवडलीय ती मला. गाडी नव्हे... गाडीही, पण..."

काकांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते डिकीत शिरले. वायर ओढली, डबा हलवून पाहिला, फ्यूजपाशी इतके रेंगाळले की मी घड्याळातले सेकंद मोजू लागले. चारला दोन मिनिटं कमी असताना सही झाली. "काम चोख आहे मुलीचं," एवढं बोलून ते निघून गेले.

कागद छातीशी धरून मी उभी. तो जमिनीकडे बघत.

"उद्या शर्यत संपली की भेटशील?" मीच विचारलं. 'तू' कधी आलं ओठांवर, कळलंच नाही.

"हरलीस तरी?"

"हरले तर सगळ्यांच्या आधी भेट."