द्वारपालाचं उत्तर

"पुढचं प्रकरण सोडा," संघर्ष म्हणाला. "फक्त लढाईची पानं पाहिजेत."

झेरॉक्सच्या काचेखालून हिरवा उजेड सरकला आणि काउंटरमागच्या मुलीच्या हनुवटीवर क्षणभर रेंगाळला. बाहेर शिक्रापूरच्या चौकात ट्रकचे हॉर्न एकमेकांवर ओरडत होते. तिने गरम कागद सारखे केले आणि पुस्तकाची उरलेली पानं चाळली.

"एवढंसं तर आहे. कशाचं आहे हे?"

"बोलण्याचं."

"आणि नेमकं तेच सोडायचं?"

संघर्षने घाईने पैसे ठेवले. कागद छातीशी धरून तो निघाला आणि मूळ पुस्तक काउंटरवरच विसरला.

दुसऱ्या दिवशी ते न्यायला आला तेव्हा तिने त्याला सोडलं नाही. हे नक्की काय आहे, ते त्याला सांगावंच लागलं. तो सणसवाडीच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होता. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला हे इंग्रजी पुस्तक सापडलं होतं… एका खेळाच्या नियमांचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, योद्धा किंवा जादूगार किंवा चोर. एकाने चालक व्हायचं. चालक गोष्ट सांगतो, आणि वाटेत भेटणारे राजे, राक्षस, पहारेकरी सगळे त्याच्या तोंडून बोलतात.

"म्हणजे तुम्ही बोलता?"

"मी… लढाई लावतो."

ते खरं होतं. त्याच्या गोष्टीतला राक्षस भेटल्या भेटल्या तलवार उपसायचा. लढाईला तक्ते होते, आकडे होते, आणि आकड्यांमागे लपायला बरं पडायचं. वीस बाजूंचा फासा मिळाला नव्हता, म्हणून तपकिरीच्या रिकाम्या डब्यात त्याने वीस चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. चिठ्ठी निघाली की कुणीतरी मरायचं, आणि संघर्षला तोंड उघडावं लागायचं नाही.

"तलवार किती खोल गेली याला इतकी पानं," ती हसत म्हणाली, "आणि बोलायला ही चिमूटभर. लिहिणारा तुमच्यासारखाच लाजाळू असणार."

तिचं नाव अंजना. मूळची दौंडची. बी.ए.ची शेवटची परीक्षा होईपर्यंत मामांच्या दुकानात मदतीला राहिली होती. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असायची आणि चौकात लाइटही नसायची. यंत्र बंद, दुकान रिकामं. मग मामांच्या, म्हणजे साहेबरावांच्या परवानगीने खेळ तिथेच सुरू झाला. संघर्षचा खोलीतला दोस्त सम्राट योद्धा झाला. मामा हौसेने जादूगार झाले. अंजनाने वाटाड्या बाईचं पात्र घेतलं… हातात कंदील, कमरेला काही नाही.

"तलवार तरी घ्या," संघर्ष म्हणाला.

"कशाला? मी विचारत विचारत जाईन."

ती अशी बघायची की त्याच्या हातून डबा निसटायचा. चहाचा कप देताना ती कान त्याच्याकडे करायची, जणू काही विचारायचं असेल तर हळू विचारलं तरी चालेल. तो काही विचारायचा नाही. पण गुरुवारची वाट आठवडाभर बघायचा.

एका गुरुवारी ते गोष्टीतल्या किल्ल्याच्या दारापाशी पोचले. दारात दगडाचा द्वारपाल. सम्राट म्हणाला, काढ चिठ्ठी, फोडू त्याला. अंजनाने डब्याच्या झाकणावर हात ठेवला.

"थांबा. मला त्याच्याशी बोलायचंय."

आणि तिने थेट संघर्षच्या डोळ्यांत पाहिलं.

"अहो… इतकी वर्षं दारात एकटेच उभे आहात. आत कुणाला घ्यावंसं वाटत नाही का हो?"

सम्राट गालात हसला. मामांनी चष्मा वर केला. ते वाक्य द्वारपालासाठी नव्हतं हे दोघांनाही कळलं होतं, आणि संघर्षला सगळ्यात आधी. संघर्षचे कान तापले. उत्तर अगदी ओठांवर होतं…

"असं बोलायचा नियम नाही पुस्तकात," तो म्हणाला. तिच्या हाताखालून डबा ओढून त्याने चिठ्ठी काढली. "द्वारपालाने वार केला. तुमचं पात्र मेलं."

मान वर केली तेव्हा त्याला तिच्या मागच्या फळीवर काही कागद दिसले. त्याने सोडून दिलेलं प्रकरण. तिने स्वतःसाठी झेरॉक्स काढून ठेवलं होतं. कडेला पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिलेले. नियम होता. तो तिला माहीत होता. आणि त्याने ते कागद पाहिले, हेही तिने पाहिलं.

"मेली?" मामा म्हणाले. "आरं, आत्ता तर बोलत हुती."

"मामा, नियमच तसा हाय," अंजना म्हणाली, आणि उठून चहाचे कप गोळा करू लागली.

तिने त्याला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्याची लाज झाकली, आणि तीच त्याला दिवसरात्र टोचत राहिली. तो दुकानाकडे फिरकेना. कारखान्याचे कागद झेरॉक्स करायला शिरूरपर्यंत जाऊ लागला. चौकातून जाताना सम्राटच्या आडोशाने चालायचा.

शेवटी सम्राटनेच सांगितलं, तिची परीक्षा झाली. "गुरुवारच्या दुपारच्या एस.टी.नं चाललीय दौंडला. तू बस आकडे मोजत."

गुरुवारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. अंजना पिशवी घेऊन वाकून बाहेर यायला निघाली, तर दारात संघर्ष उभा. हातात डबा. आत मामा, मागे सम्राट, शेजारचा पानवालाही बघत होता. संघर्षच्या कपाळावर घाम आला. तो बाजूला झाला नाही.

"तुम्ही विचारलं होतं," तो जाड्या, हास्यास्पद आवाजात म्हणाला. "द्वारपालाला."

पानवाला फिसकन हसला. संघर्षला जमिनीत जावंसं वाटलं, तरी तो बोलत राहिला.

"वाटतं. आत घ्यावंसं वाटतं. पण तो… दगडाचा नाही. घाबरट आहे. नियम आहे पुस्तकात. तो खोटं बोलला."

अंजनाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी तर मेलेय ना?"

"चालक चुकला तर डाव मागे घ्यायचा."

"हे आहे पुस्तकात?"

"नाही… हे माझं."

"आरं पोरांनो," मामा आतून म्हणाले, "यस्टी कुणासाठी थांबत न्हाई."

अंजनाने त्याच्या हातातला डबा अलगद काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"हा माझ्याकडं राहील. पुढच्या गुरुवारी दौंडला या. आई-आबा घरी असतील, आणि चिठ्ठ्या नसतील. सगळं तोंडानं बोलावं लागेल."

"येतो."

"कोण? द्वारपाल?"

त्याचा चेहरा लाल झाला होता, सगळे बघत होते. पण जाडा आवाज कुठेतरी गळून पडला होता.

"नाही," तो म्हणाला. "मी येतो."

आणि तिला जायला वाट करून देत तो बाजूला झाला.