बाळारामसाठी नेलेला डबा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. रत्नाकरकाकांनी ती आम्हा मुलांना जेद्दात अल अझीझिया भागातल्या आमच्या गच्चीवर, अंधार पडल्यावर सांगितली आणि शेवटी म्हणाले, "घरात बोललात तर तुमच्या आया मला पुन्हा जेवायला बोलावणार नाहीत." बोलायचं नाही, असं ते म्हणाले. लिहायचं नाही, असं काही म्हणाले नाहीत.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो अनुराग, काकांच्या नाशिकच्या मित्राचा मुलगा. जेद्दाजवळच्या थुवालच्या विद्यापीठात शिकायला आलेला. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारचा शेवटचा तास सुटला की अनुराग आणि त्याच्या खोलीतला विनय भाड्याची गाडी घेऊन एखादं शहर गाठायचे. कधी ताईफ, कधी यान्बू. हा पोरगा दर आठवड्याला कुठे ना कुठे जातो, हे कळल्यावर जेद्दातल्या मराठी घरांना आयताच माणूस सापडला. कुणाला लोणचं पोचवायचं असे, कुणाला औषध. "जातोच आहेस तर एवढं दे," म्हणत जो तो पिशवी पुढे करायचा. अनुरागला नाही म्हणता यायचं नाही.

त्या गुरुवारी ते तबूकला निघाले होते. जानेवारी महिना. पौषातली अमावास्या आदल्याच दिवशी झालेली. काकांच्या वरच्या मजल्यावर पारूआत्या राहतात, मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा धाकटा भाऊ बाळाराम तबूकला सुतारकामावर आहे, कंपनीच्या कॅम्पमध्ये राहतो. त्याच्यासाठी त्यांनी वडे आणि तळलेली सुरमई फॉइलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरली. झाकण लावण्याआधी बखूर, म्हणजे इथला सुगंधी धूप, जाळायच्या कोळशाचा एक तुकडा वर ठेवला.

"हे काय, आत्या?"

"तळणीचा घेवन रातचो जातंस. ह्यो वर असूक व्हयो. काढू नको."

"आणि काढला तर?"

"तर कोण तरी मागतला. मागल्यान तर बघू नको आणि बोलू नको." एवढं बोलून त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. हसल्या मात्र नाहीत.

विनय जिन्यातून उतरेपर्यंत हसत होता. "वड्यांना बॉडीगार्ड दिलाय रे आत्यांनी!"

यान्बू गेलं, उम्लुज गेलं. डावीकडे समुद्र होता, पण दिसत नव्हता. उजवीकडे वाळवंट होतं, तेही दिसत नव्हतं. मध्यरात्रीच्या सुमाराला एका पंपावर त्यांनी गाडी थांबवली. विनय मागच्या सीटवर ब्लँकेट घेऊन आडवा झाला होता. तो उठून बसला आणि त्याने हळूच डबा उघडला.

"एकच वडा घेतो. बाळारामदादा काय मोजणार आहेत का?" मग ओरडला, "शी! सगळे हात काळे झाले."

"दे इकडे," अनुराग म्हणाला. त्याने तो कोळसा उचलला आणि काच खाली करून अंधारात भिरकावला. सहज. कागदाचा बोळा टाकावा तसा.

पेट्रोल भरून झालं. अनुराग चहा घ्यायला दुकानात गेला. जलाल नावाचा बांगलादेशी पोरगा तिथे एकटाच बसला होता. अनुराग चहा घेऊन परतला तेव्हा मागे ब्लँकेट डोक्यापर्यंत ओढलेलं होतं. झोपला वाटतं पुन्हा. त्याने गाडी काढली.

बरंच अंतर गेल्यावर मागून फॉइलचा आवाज आला. चुरचुर. मग खाण्याचा.

"विन्या, ठेव रे थोडं. माणूस वाट बघतोय तिकडे."

"हं," मागून उत्तर आलं.

खाणं चालूच राहिलं. माशाचे काटेसुद्धा चावल्याचा आवाज येत होता. अनुरागला जरा रागच आला. किती दिवसांचा उपाशी आहे हा?

एवढ्यात फोन वाजला. फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे आवाज गाडीभर घुमला.

"अन्या! अरे, मी बाथरूममधून बाहेर आलो तर गाडीच नाही! ही कसली मस्करी? पंपावर उभाय मी. थंडीने मरतोय."

तो विनयचा आवाज होता.

मागचं खाणं थांबलं.

"अन्या? ऐकतोयस ना? बोल की…"

अनुरागने तोंड उघडलं. मिटलं. आत्या म्हणाल्या होत्या, बोलू नको. पण तो तर बोलून बसला होता.

"गाडीत कोण आहे? कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय. अन्या…"

त्याने फोन कापला. आरशाकडे बघितलं नाही. मान ताठ धरून तो फक्त रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिला. मागून डब्याच्या तळाशी नखं खरवडल्याचा आवाज आला.

मग…

"डबो संपलो."

आवाज बाईचा नव्हता. पुरुषाचाही नव्हता. बोली मात्र थेट पारूआत्यांची.

"आता?"

अनुरागने गाडीचा वेग वाढवला.

"तो उभो हा मरे थंय." अगदी कानामागून. गार. "त्याका घे."

अनुराग मनात हिशेब करू लागला. परत गेलं, तर हे जे काही मागे बसलंय ते आपणच विनयच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं. नाही गेलं, तर विनय त्या ओसाड पंपावर एकटा. आणि जे मागे बसलंय त्याला विनय कुठे आहे ते माहीत झालंय. गाडीतूनच जावं लागेल, असं थोडंच आहे त्याला?

पुढे दुभाजकात वळण आलं. त्याने गाडी वळवली.

मागे कुणीतरी हसल्यासारखं झालं.

"बरां केलंस."

येताना सरळ वाटलेला तो रस्ता परत जाताना संपेना. मानेवर वास येत होता. तळणीचा. त्याच्याखाली दुसराच, ओल्या मातीचा. त्या वाळवंटात… ओल्या मातीचा.

शेवटी पंपाचे दिवे दिसले. दिव्याखाली विनय, हात काखेत घालून उभा. गाडी बघून तो रस्त्याकडे धावत निघाला.

"घे," मागून आवाज आला. "दार उघड त्याका."

अनुरागने ब्रेक दाबला. पंप अजून लांब होता. त्याने किल्ली काढली, दार ढकललं आणि उडी टाकली. मागे न बघता हातातल्या किल्लीचं बटण दाबलं. गाडीची दारं खटकन लागली. मग तो पळत सुटला, विनयच्या अंगावर जाऊन आदळला आणि त्याला ओढत दुकानात घेऊन गेला.

"वेडा झालास? अरे, गाडी…"

"बघू नको. तिकडे बघू नको."

विनय चिडला, शिव्या दिल्या. मग त्याने अनुरागचा चेहरा बघितला आणि त्याच्याजवळ खाली बसला. जलालने एकदा बाहेर रस्त्याकडे पाहिलं. उठून शटर खाली ओढलं.

रात्रभर गाडीचा हॉर्न वाजत होता. मध्येच. थोडा थोडा. कुणी बोलवावं तसा.

पहाटेची अजान झाली आणि हॉर्न थांबला. चांगलं फटफटल्यावर तिघं गाडीपाशी गेले. दारं बंदच होती. काचा शाबूत. डबा सीटवर उपडा पडलेला. ब्लँकेट खाली. गाडीत कुणी नव्हतं.

फक्त मागच्या सीटचा पट्टा लावलेला होता.

तो सीटला टेकून सपाट पडलेला नव्हता. चांगल्या जेवलेल्या पोटावरून यावा तसा पुढे फुगून, हवेत ताणलेला होता. खाली काही नसताना. जलाल "बिस्मिल्ला" म्हणत मागे सरला. विनयने खटका दाबून बघितला. सुटेना. तबूकला पोचेपर्यंत सुटला नाही. शेवटी बाळारामने करवतीने तो कापला. तुटलेली दोन्ही टोकं खाली पडायला हवी होती. पण ती तशीच राहिली आणि मग बाळारामच्या डोळ्यांसमोर हळूहळू त्याच्याकडेच वळली आणि

खालून माझी आई हाका मारतेय. तिसऱ्यांदा. जायलाच हवं, नाहीतर ती गच्चीवर येईल आणि हे लिहिलेलं