भिंतीला दिलेलं माप

परदेशी माणसाला घर विकायचं तर आधी अंगण दाखवावं, मग अक्रोडाचं झाड, मग समोरचा डोंगर. छप्पर अगदी शेवटी. तोवर तो मनानं तिथं राहायला आलेला असतो. लिपोवो गावातली बरीच घरं मी अशीच लोकांच्या पदरात घातली. मी विकते आणि माझा नवरा इलिया ती दुरुस्त करतो. आमचा संसार त्यावरच चाललाय.

योस्ट हॉलंडचा. निवृत्त शिक्षक, बायको वारलेली, उंच, किडकिडीत आणि दिसेल त्याला ‘छान’ म्हणणारा. गावच्या टोकाचं घर त्यानं छपराकडे मान वर न करताच घेतलं. घराची उत्तरेची भिंत फुगली होती.

“उतरवून नवी बांधू,” इलिया म्हणाला. “त्यात काय एवढं?”

भिंत छातीपर्यंत चढली आणि कोसळली. दगड निवडून पुन्हा बांधली, पुन्हा कोसळली. मग त्यानं पाया खोल नेला, चुना दुसऱ्या भट्टीवरून आणला. तरी तेच. इलियानं बांधलेली भिंत आजवर कधी पडली नव्हती. गुत्त्यात लोक त्याला चिडवायला लागले. “गवंडीबुवा, त्या हॉलंडवाल्याला एक तंबू घेऊन द्या!” तो घरी येऊन जेवायचासुद्धा नाही. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

एका दुपारी मी इलियाजवळ भिंतीपाशी उभी होते, तेव्हा शेजारच्या स्तोयना आजीनं कुंपणावरून तोंड काढलं. “माप दिलंस का रे तिला?”

“कसलं माप?” मी विचारलं.

“शहरात शिकून आलीस ना गं? एवढंही ठाऊक नाही? माणसाची सावली दोऱ्यानं मापायची, त्याला कळू न देता. तो दोरा पायाच्या दगडाखाली ठेवायचा. भिंत उभी राहते. माणूस तिचा होतो.”

“आणि मग?”

“मग काय! फार दिवस काढत नाही तो. पण मेल्यावरही घर राखतो.”

इलिया हसला. “आजी, आता कोंबड्याच्या सावलीवर भागवतात लोक.”

“मग कोंबड्याएवढीच भिंत मिळायची तुला,” आजी म्हणाली आणि आत गेली.

योस्ट अक्रोडाखाली कॉफी पीत बसला होता. आमची भाषा त्याला कितपत कळते, याचा अंदाज कुणालाच नव्हता.

त्यानंतर भिंत उभी राहिली. छातीच्या वर गेली, छपराला भिडली, ओळंब्यात एक केसही इकडेतिकडे नाही. “कोंबडा कामी आला म्हणायचा!” मी इलियाला चिडवलं. तो हसला नाही. थकलाय, असं मी धरून चालले.

योस्टनं सगळ्या गावाला राकिया, आमची फळांची दारू, पाजली. मी चीज घालून बानित्सा, आमची पापुद्र्यांची भाजलेली पोळी, केली होती. पहिला घास घेतला तर तोंडात चुन्याची चव आली. दुसऱ्या घासालाही तीच. मी ताट बाजूला ठेवलं. पुढे केस विंचरताना फणीत पांढरी पूड यायला लागली. गवंड्याच्या घरात चुना नाही तर काय साखर सापडणार, असं म्हणून मी फणी झटकायचे.

सकाळी मी पाव आणायला निघायचे आणि योस्टच्या फाटकाशी पोचायचे. “काही काम होतं, नेव्हेना?” तो विचारायचा. मी काहीतरी थाप मारायचे. परत निघाले की धाप लागायची, त्याच्या घराकडे वळले की थांबायची. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, काही नाही म्हणाले. वय झालं बाई तुझं, असं मी स्वतःला समजावलं.

इलिया योस्टच्या घराकडे फिरकेनासा झाला होता. फक्त रोज जेवताना विचारायचा, “बरा आहे ना तो?”

“बरा आहे की.”

“वाळलाय का? खोकतो का?”

मी हातातला चमचा खाली ठेवला. “इलिया, कोंबडा कुणाचा होता?”

त्यानं ताट बाजूला सारलं. “त्याचं इथं कोण आहे गं?” तो म्हणाला. “ना मूल, ना बाळ. कुणी रडणारही नाही.”

सांडलेलं दूध मांजराच्या पिल्लांना ठेवणारा हा माणूस. इतकी वर्षं मी याच्याच शेजारी झोपत आले होते.

“कुणासाठी रडणारं कुणी नाही, ते बघून माणूस निवडलास तू?”

तो रडायला लागला. मी त्याचा दंड धरला, कोपऱ्यातली पहार त्याच्या हातात दिली आणि ओढतच त्याला योस्टकडे नेलं.

योस्ट टोमॅटोंना पाणी घालत होता. गाल लालबुंद, अंगानंही भरलेला. मी सगळं एका दमात सांगितलं. तो दचकला नाही.

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला. “आजी बोलली तेव्हा मी ऐकत होतो.”

“आणि तरी...?”

“त्या संध्याकाळी इलियानं मला भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं. भिंत कमरेएवढी होती. तो कोपऱ्याआड दोरा घेऊन बसला होता. मी बघितलं.” त्यानं पाण्याची नळी खाली ठेवली. “मग तू आलीस.”

मला आठवलं. त्यानं आपली गवती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली होती. घराबरोबर तुझा एक फोटो काढतो, म्हणाला होता. थोडी डावीकडे. हलू नकोस. छान.

कोपऱ्याआडच्या इलियाला आवाज योस्टचा ऐकू आला. जमिनीवर दिसली टोपीची सावली.

मी इलियाकडे वळले. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

“मी तुमचं काय वाकडं केलं होतं?” मी योस्टला विचारलं.

“काहीच नाही. तू फार चांगली आहेस.” आवाज नेहमीसारखाच मऊ. “परक्या मुलखात घर घेतलं की इथलं एक तरी माणूस आपलं हवं, नेव्हेना. कायमचं.”

इलियानं पहार उचलली आणि सगळ्या ताकदीनिशी भिंतीत घातली.

माझा श्वास तुटला. बरगड्यांच्या आत काहीतरी फुटलं. मी गुडघ्यांवर कोसळले.

इलियानं माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

पहार त्याच्या हातातून गळून पडली.

योस्टनं घरातून खुर्ची आणली, भिंतीला लावून ठेवली आणि मला धरून तिच्यावर बसवलं. तोवर इलिया चुना कालवायला लागला होता. लहान मुलाच्या जखमेला औषध लावावं तसा तो थापीनं खाचेत चुना भरू लागला.

“दुखतंय?”

“थोडं.”

त्यानं आणखी चुना घेतला, हलक्या हातानं दाबला.

“आता?”

“आता बरं वाटतंय,” मी म्हणाले आणि भिंतीला पाठ टेकली.