सव्वादोन हजार चादरींची चोरी

"चोर सापडलाय," खुर्चीत टेकायच्या आधीच रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले. "चोरी कशी केली, तेवढं शोधून द्या. पाच वाजता पोलिसांना बोलावलंय."

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी चष्मा पुसला. आधी चोर आणि मग चोरी, असं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. त्यांचे धाकटे दीर मात्र खूष झाले. भावजींना आयती प्रकरणं फार आवडत.

हकीकत अशी. कोणत्या दिवशी किती मळक्या चादरी पाठवल्या, हे वॉर्डांचा संगणक सांगायचा. किती धुऊन परत केल्या, हे धुलाईखान्याचा. दोघांचे अहवाल एकोणीस वर्षं तंतोतंत जुळत आले होते. गेल्या दोन महिन्यांत मात्र सव्वादोन हजार चादरी कमी! आणि दोन्ही टोकांच्या मधे एकच माणूस, हातगाडी ओढणारे मामा.

"दोन्ही संगणक भंगारात काढून एकच नवा आणतोय," अधीक्षक म्हणाले. "पण मामांना सोडणार नाही."

रुग्णालयात चादरी वॉर्डातून पाठवायचं काम ज्या सिस्टरकडे होतं, ती मामांचीच मुलगी निघाली. तिचे डोळे सुजले होते.

"एका गाठोड्याला अकरा चादरी. मी स्वतः मोजते, बांधते, संगणकात भरते. एक कमी लिहिली असती तर बाबा सुटले असते. पण खोटं कसं लिहू?"

"परत आलेल्या मोजता?" वहिनींनी विचारलं.

"नाही. धुलाईखान्याच्या पावतीवरचा आकडा भरते आणि गठ्ठे कपाटात लावते."

"या दोन महिन्यांत एखादी खाट चादरीवाचून राहिली?"

सिस्टरने आठवून पाहिलं. "एकही नाही. कपाटं नेहमीसारखीच भरलेली असतात."

"नवीन आणल्या असतील," भावजी म्हणाले. अधीक्षकांनी नाही म्हणून मान हलवली. वर्षभरात एकही आणली नव्हती.

तळमजल्यावरच्या धुलाईखान्यात यंत्रं घरघरत होती. दाराजवळ गाठोड्यांचा ढीग होता. शेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत, पेन्सिलीने तारीखवार बारीक आकडे लिहिलेले होते.

"कोणी भिंत खराब केली?" भावजींनी विचारलं.

"उद्या रंग मारतोय," अधीक्षक म्हणाले.

नोंदणीच्या टेबलावरचा कारकून दोन महिन्यांपूर्वीच आला होता. त्याच्या आधी तिथे आत्या बसायच्या, आता निवृत्त झालेल्या.

"गाठ सोडायची, आतल्या मोजायच्या, धुवायला जाईपर्यंत परत बांधून ठेवायच्या," तो म्हणाला. "प्रत्येकात दहाच भरतात, बाई. आईशपथ."

मामा गाडीचा दांडा धरून उभे होते. "तीस वर्षं ओढतोय," एवढंच ते म्हणाले. मुलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आज सकाळच्या खेपेत किती कमी?" वहिनींनी विचारलं.

"अडतीस," कारकून म्हणाला.

"भावजी, गाठोडी मोजा बरं."

भावजींनी एका गाठोड्यावर बैठक मारली आणि बोट फिरवत मोजलं. "सदतीस."

"तुम्ही बसलात ते धरून?"

भावजी ताडकन उठले. "अडतीस!"

वहिनी हसल्या. मग हसू मावळलं आणि त्या भिंतीजवळ जाऊन शेवटचे आकडे वाचू लागल्या.

"साहेब, पोलिसांना फोन करून येऊ नका म्हणावं. चोरी झालेलीच नाही."

सगळे गोळा झाले. वहिनींनी एक गाठोडं टेबलावर ठेवून गाठ सोडली आणि आतल्या चादरी बाजूला काढल्या. दहा.

"अकरावी?" अधीक्षकांनी विचारलं.

"ही काय, टेबलावर पसरलीय. दहा चादरी हिच्यातच बांधल्या होत्या. सिस्टर हिला मोजतात, कारण ती चादर आहे. कारकून मोजत नाही, कारण त्याच्या लेखी ते फडकं आहे. दोघंही खरं लिहितात. ही धुऊन परतही जाते, फक्त पावतीवर चढत नाही. म्हणून गाठोडी अडतीस आणि चोरीही अडतीस. आणि म्हणूनच कपाटं भरलेली."

"मग एकोणीस वर्षं जुळलं कसं?"

वहिनींनी भिंतीकडे हात केला. "आत्यांनी जुळवलं. रोज गाठोडी मोजून आकडा इथे लिहायचा आणि पावतीत मिळवायचा. शेवटचा आकडा बघा, दोन महिन्यांपूर्वीचा. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी चोर जन्मला."

भावजी भिंतीजवळ गेले. सहा हजारांवर आकडे होते, एकही खोडलेला नव्हता. तफावत कधी पडलीच नाही, म्हणून ती कोणी भरून काढतंय हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. अधीक्षकांनी तिथूनच आत्यांना फोन लावला.

"अहो, त्यात सांगायचं काय?" पलीकडून आवाज आला. "दोघांचं जुळत नव्हतं, मी जुळवत होते. नव्या मुलाला पावती शिकवली, भिंतीचं राहूनच गेलं बघा."

अधीक्षकांनी फोन ठेवला. वहिनी म्हणाल्या, "दोन्ही संगणक राहू द्या. पावतीवर एक रकाना वाढवा, गाठोड्यांचा. आणि भिंतीला रंग लावू नका."

अधीक्षकांनी मामांसमोर हात जोडले. मामांनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. ते मुलीकडे बघत होते.

"बरोबर मोजत होतीस हो, बाळ," ते म्हणाले.

सिस्टरने डोळे पुसले, खिशातली पेन्सिल काढून बाबांच्या हातात दिली. भिंतीवर शेवटच्या आकड्याखाली जागा होती. मामांनी तिथे सावकाश अडतीस लिहिले.