पट्टीशिवायची रेकॉर्ड

धर्मापुरीच्या रुद्रेशला दुसरं कसलंच व्यसन नव्हतं. तंबाखू नाही, पत्ते नाहीत. पण जपानात छापलेल्या जुन्या हार्ड रॉकच्या रेकॉर्ड म्हटलं, की गडी पार खुळा व्हायचा. वेड लावलं थोरल्या भावानं, गुरुलिंगनं. किराणा दुकान बंद केलं की दोघं माडीवर जात. गुरुलिंग टर्नटेबलच्या सुईवर फुंकर मारी आणि म्हणे, "बस, रुद्र्या." दुसरा मांडी घालून बसल्याशिवाय सुई ठेवायची नाही, असा त्यांचा नेमच होता.

या रेकॉर्डच्या कव्हरला जपानी अक्षरांची एक कागदी पट्टी गुंडाळलेली असते. शौकिनांचा सगळा जीव त्या पट्टीत. ती नसली, की रेकॉर्ड अर्धवट.

गेल्या श्रावणात गुरुलिंग काविळीनं गेला. जाताना धाकट्याचा हात धरून म्हणाला, "माझी ती लाडकी रेकॉर्ड माझ्यासंगं दे. पुरी दे." लिंगायतांत माणसाला चौकोनी खड्ड्यात बसवून समाधी देतात. विभूती, बेल झाल्यावर रुद्रेशनं स्वतःच्या हातानं रेकॉर्ड भावाच्या मांडीवर ठेवली. पट्टी मात्र आधीच काढून घेतली होती. काय सांगावं, जीवच होईना! तसली पट्टी पुन्हा कुठं मिळायची?

मग त्यानं इंटरनेटवर तीच रेकॉर्ड, पण पट्टी नसलेली, जपानातून मागवली. भावाची पट्टी तिला चढवायची, की जोड पुरी.

त्या दुपारी तो अंबाजोगाईहून पार्सल घेऊन आला. माडीवर बायको कावेरी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खोकं फोडलं आणि विभूतीचा वास आला. त्यामागं ओल्या काळ्या मातीचा.

कव्हरच्या कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. काही वर्षांपूर्वी गुरुलिंगनं तिथंच कप ठेवला होता आणि त्यावरून दोघा भावांत अबोला झाला होता.

"अवो... ही तर भाऊजींचीच हाय," कावेरी म्हणाली.

"गप बस. डाग काय एकाच कपाचे पडतात का?" रुद्रेश खेकसला आणि अंगठ्यानं डाग घासून बघू लागला.

तेवढ्यात लाइट गेली. त्याला दम धरवेना. रेकॉर्ड टर्नटेबलवर ठेवून, सुई टेकवून त्यानं ती बोटानं फिरवली. वीज नसली तरी सुई बारीक गुणगुणते, कान लावला की ऐकू येतं. गाणं सुरू व्हायच्या आधीची ती रिकामी जागा होती. जपानी रेकॉर्ड तिथं एकदम शांत असते, म्हणून तर एवढं नाव.

त्या शांततेत कुणीतरी फुंकर मारली.

मग अगदी कानाशी... "रुद्र्या... पट्टी."

रुद्रेश मागं कोलमडला. कावेरीनंही ऐकलं होतं. तिनं कपाटातून पट्टी काढून त्याच्या हातात कोंबली. "चला. आत्ताच्या आत्ता. ज्याचं त्याला देऊन टाका."

ऊन कलत होतं. शेताच्या बांधावरच्या समाधीशी रुद्रेशनं खुरप्यानं माती उकरली, रेकॉर्डला पट्टी चढवली आणि दोन्ही पुरून टाकली. "दादा, चुकलं माझं," म्हणून लहान पोरासारखा रडला. घरी आल्यावर पोटभर जेवला. कित्येक महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली. कावेरीला वाटलं, सुटलो एकदाचे.

सकाळी तो उठायच्या आत ती एकटीच बेल वाहायला गेली. रेकॉर्ड पुरली होती ती जागा जशीच्या तशी होती. पण समाधीला लागून, उजव्या हाताला, जमीन खचली होती. चौकोनी, कडा कुदळीनं तासल्यासारख्या. आसपास उकरलेली माती कुठंच नव्हती. खड्डा एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढाच होता.

तिच्या हातातलं ताट तिथंच पडलं. ती धावत घरी आली. रुद्रेशला हे सांगायचंच नाही, आधी माणसं बोलावून खड्डा बुजवायचा, असं मनाशी ठरवून माडी चढली.

लाइट अजून आली नव्हती. रिकामं टर्नटेबल गरगर फिरत होतं. रुद्रेश त्याच्यासमोर ताठ पाठीनं मांडी घालून बसला होता. त्याच्या कपाळावर विभूती होती, ओली, नुकतीच कुणीतरी लावलेली.

"अवो, उठा..." तिनं त्याचा दंड धरून ओढला.

"उठू कसा?" तो तिच्याकडं न बघता हळूच म्हणाला. "दादानं बस म्हणलंय."